आजारी मांजर घरी ठेवून गावाला जाताय? या चुका टाळा

गणपती, दिवाळी, मे महिना तोंडावर आला की मला फोन यायला लागतात. "काकू, परवा निघतोय गावाला. मनीला दोन वेळा इंजेक्शन द्यायचं असतं, बाकी काही नाही. शेजारची मुलगी देईन म्हणते, तुम्ही तिला एकदा दाखवाल का?" मी पुण्यात बरीच वर्षं लोकांच्या घरी जाऊन त्यांची आजारी मांजरं सांभाळते. अशा फोनला माझं उत्तर ठरलेलं आहे: परवा निघणार असाल तर उशीर झालाय.

मधुमेह, किडनी, थायरॉइड, दमा असलेली मांजरं नीट सांभाळली तर वर्षानुवर्षं मजेत जगतात. घात होतो तो घरचं माणूस बाहेरगावी गेल्यावर. त्या माणसाच्या हाताला जे सवयीचं झालेलं असतं, ते दुसऱ्या हाताला शिकवायला कोणी वेळच काढलेला नसतो. मोबाइलवर व्हिडिओ पाठवला की काम झालं, असं समजणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. व्हिडिओतलं मांजर हलत नाही, खरं मांजर हलतं.

लाल टोपण, नारिंगी टोपण

ही चूक मी सर्वांत जास्त वेळ सांगते, कारण तिच्यामुळे मांजर एका दुपारीत जाऊ शकतं.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींत मिळतात. एकीत मिलीलिटरला ४० युनिट, दुसरीत १००. दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या: ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं नारिंगी. माणसांना लागणाऱ्या बऱ्याचशा बाटल्या ४० च्या असल्यामुळे मेडिकलमध्ये नुसतं "इन्सुलिनची सिरिंज द्या" म्हटलं की लाल टोपणाची हातात पडण्याची शक्यता दांडगी. मांजरांना डॉक्टर बरेचदा ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन देतात, आणि ते सहसा १०० चं असतं.

एका कुटुंबाचा बोका होता, मन्या. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन युनिट ग्लार्जिनवर शुगर छान आटोक्यात. मंडळी गणपतीला कोकणात गेली आणि घरी भाच्याला ठेवलं. पोरगा गुणी. इंजेक्शन देताना हात थरथरत नव्हता, वेळ चुकवत नव्हता. पण घरात सिरिंजा किती उरल्यात हे निघताना कोणी मोजलंच नव्हतं. त्या संपल्या, तो कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पाकीट घेऊन आला आणि नेहमीसारखं दोनच्या खुणेपर्यंत औषध भरलं. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दोनच्या खुणेपर्यंत ०.०५ मिलीलिटर औषध मावतं. १०० च्या बाटलीतून तेवढं घेतलं तर होतात पाच युनिट. अडीचपट डोस.

दुपारी त्याचा फोन आला, "काकू, मन्या दारू प्यायल्यासारखा चालतोय." मी पोचले तेव्हा बोका वॉशिंग मशीनच्या मागे शिरला होता. बुबुळं पूर्ण पसरलेली, ओठाचा कोपरा उडत होता, मागचे पाय अंगाखाली दुमडून निपचित. तोंडात काही ओतलं असतं तर ते फुप्फुसात गेलं असतं. म्हणून बोटाला मध घेऊन हिरड्यांवर चोळला, टॉवेलात गुंडाळला आणि रिक्षाने दवाखाना गाठला. वाटेत पुन्हा मध. तिथे शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, सुरू झालं आणि रात्रभर थोड्या थोड्या वेळाने शुगर तपासावी लागली. मन्या वाचला. मी त्या मुलाला दोन्ही सिरिंजा टेबलावर शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या तेव्हा तो रडायलाच लागला. त्याची काडीची चूक नव्हती. सिरिंजांना दोन रंगांची टोपणं असतात हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं जपून ठेवते. प्रत्येक पाकिटावर तारीख आणि 'सकाळ' किंवा 'संध्याकाळ', आत एक सिरिंज. वर तीन-चार जास्तीच्या. इन्सुलिन १०० चं असेल तर त्याच्या खोक्यावर नारिंगी टोपण चिकटपट्टीने चिकटवून टाकायचं. पाकीट रिकामं म्हणजे डोस दिला, भरलेलं म्हणजे राहिला. घरात आजी आणि नातू असे दोघं सांभाळणारे असले की "मला वाटलं तू दिलं नाहीस" या एका वाक्याने दुहेरी डोस जातो. पाकिटांनी ते थांबतं.

फ्रिजवर मी मोठ्या अक्षरांत एकच नियम लावते: मांजर जेवलं नाही, उलटी झाली किंवा डोस दिला की नाही अशी शंका आली, तर सुई टोचायची नाही, आधी फोन करायचा. एक डोस चुकला तर तेवढ्यापुरती शुगर वाढते. एक डोस जास्त गेला तर काय होतं ते वर लिहिलं आहे. मात्र सलग जेवत नसलेल्या मधुमेही मांजराचा डोस आपल्या मनाने थांबवत राहणंही तितकंच वाईट, म्हणून फोन डॉक्टरांना लगेच गेला पाहिजे.

आणि हो, "सांभाळणारा एकदाच येणार, तर दोन्ही वेळचं एकदम दिलं तर?" हे मला चांगले शिकलेले लोक विचारतात. नाही. कधीच नाही. वेळ जमत नसेल तर निघायच्या बरेच दिवस आधी डॉक्टरांना विचारून रोज थोडी थोडी सरकवत आणा.

"सगळं ठीक आहे"

सांभाळणाऱ्याकडून येणाऱ्या या व्हॉट्सअॅप मेसेजवर माझा काडीचा विश्वास नाही. सोबत रिकाम्या वाटीचा फोटो असेल तर मुळीच नाही.

एका घरी दोन मांजरं होती, एक किडनीची म्हातारी आणि एक धडधाकट तरुण. फोटोत वाटी रोज चाटूनपुसून लख्ख. मंडळी परतली तेव्हा म्हातारीच्या पाठीचे मणके हाताला लागत होते आणि तरुण बोक्याचं पोट सुटलं होतं. किडनीचं मिळमिळीत खाणं दोघांना वाढलं जात होतं आणि एकटा फस्त करत होता.

मांजराचं न खाणं कुत्र्यासारखं धकून जात नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतात चरबी साचायला लागते, लठ्ठ मांजरांत तर जास्तच, आणि तो स्वतंत्र जीवघेणा आजार होऊन बसतो. माणूस घरात नाही म्हणून रुसून न खाणारी मांजरं भरपूर आहेत. म्हणून मी स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल वजनकाटा वापरायला लावते. वाटी ठेवताना वजन, उचलताना वजन, दोन्ही आकडे कागदावर. आजारी मांजराला दार लावून वेगळ्या खोलीत वाढायचं आणि संपेपर्यंत तिथेच बसायचं. लिटर ट्रेमधले लघवीचे गोळे मोजायचे. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन जोर करतोय आणि गोळा एकही नाही, तर लघवी अडकली आहे. सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना.

हे ऐकून लोक म्हणतात, "काकू, फार किचकट करता तुम्ही." दिवसाला दहा मिनिटं लागतात. ती द्यायला जो तयार नाही त्याच्या हाती आजारी जीव देऊ नका.

कातडीखालचं सलाईन

किडनीच्या मांजराला घरी आरएल (रिंगर लॅक्टेट हे सलाईन) कातडीखाली द्यायला शिकायला बहुतेकांना आठवडे लागतात, आणि तेच काम दुसऱ्याने एका संध्याकाळी शिकावं अशी अपेक्षा असते. निदान चार-पाच वेळा त्या व्यक्तीने स्वतः, तुमच्यासमोर, तुम्ही हात न लावता दिलं पाहिजे. सुई दरवेळी नवी. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी उबदार केली की मांजर निम्मं शांत बसतं. मागच्या वेळच्या सलाईनचा कातडीखालचा फुगा अजून पोटाखाली लोंबत असेल तर नवं घालायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं. धाप लागत असेल तर तेच. हात बसत नसेल तर हट्ट सोडा आणि दवाखान्यातल्या कंपाउंडरशी बोलून ते तेवढे दिवस घरी येतील का ते बघा. पैसे जातील, जाऊ देत.

बाकीच्या, थोडक्यात

इन्सुलिन फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरला चिकटून गोठलं की ते फेकायचं. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीच्या कामांसाठी वीज जाऊ शकते, हे बाहेरून आलेल्या सांभाळणाऱ्याला सांगून ठेवा. वीज नसताना फ्रिज उघडायचा नाही.

प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) चालू असेल तर सुट्टीत 'गोळ्यांनाही सुट्टी' देऊ नका, ती एकदम बंद करता येत नाही.

अंग गरम लागलं म्हणून कोणी घरातलं पॅरासिटामॉल देईल. मांजराला ते विष आहे. फ्रिजवरच्या कागदावर हे लिहाच.

गौरी-गणपतीची किंवा वाढदिवसाची फुलं घरात असतील तर त्यात लिली नको. परागकण चाटले तरी धडधाकट मांजराची किडनी बसते, आजारीचं विचारूच नका.

दम्याच्या मांजराचा इनहेलर आणि मास्क मोलकरणीने 'आवरून' ठेवला तर सापडणार नाही. जागा ठरवा.

सोबतच नेऊ म्हणणारे

चार दिवसांसाठी आजारी मांजर ताम्हिणी घाटाच्या वळणांवरून कोकणात नेणं मला पटत नाही. सकाळी इन्सुलिन दिलं, माणगाव यायच्या आत सगळं उलटून पडलं, आता शुगर कुठे जाणार? आणि परक्या घरात ते माळ्यावर किंवा कौलांत शिरलं की संध्याकाळचा डोस देणार कोणाला? महिनाभर राहणार असाल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तिथला डॉक्टर आधी शोधा, तपासण्यांचे कागद सोबत ठेवा आणि गाडीत औषधाची पिशवी कधीही डॅशबोर्डवर ठेवू नका. बोर्डिंगमध्ये ठेवणार असाल तर आधी एका रात्रीसाठी ठेवून बघा, खाल्लं की नाही ते विचारा.

मधुमेह नुकताच कळला असेल, डोस अजून बसला नसेल, तर प्रवास पुढे ढकला. निघायच्या आदल्या आठवड्यात नवीन औषध सुरू करायची घाई डॉक्टरांवर करू नका. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, मला माहीत आहे. तिकिटं काढलेली असतात, घरचं लग्न असतं. तरी मी सांगते.

डॉक्टरांशी बोलल्याशिवाय निघू नका

दिवाळीत तुमचे डॉक्टरही गावाला जातात. ते कधी नाहीत, त्यांच्या जागी कोण, रात्री कुठे जायचं हे आधी विचारा. मुंबईकराला निदान परळचं बैलघोडा, म्हणजे जनावरांचं मोठं इस्पितळ, माहीत असतं. लहान गावात दुसरा पर्याय तास-दीड तासावर असतो. कोकणात रेंज नसली की दवाखान्यातून तुम्हाला फोन लागत नाही आणि सांभाळणारा "विचारून सांगतो" म्हणत उभा राहतो. म्हणून सहीचं पत्र द्या: अमुक रकमेपर्यंत लागतील ते उपचार करा, त्यापुढचा निर्णय अमक्या नातेवाइकाने घ्यावा. पत्रासोबत रोख रक्कम पाकिटात. मांजर वाचणार नाही अशी वेळ आली तर काय, हेही त्यात लिहा. एकोणीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर तो निर्णय टाकू नका.

परतल्यावर पहिल्याच दिवशी मांजराचं वजन करा, पाकिटं आणि कागदावरचे आकडे ताडून बघा. काही चुकलेलं दिसलं तरी ते भरून काढायला डोस वाढवू नका. किडनीचं मांजर असेल तर आठवड्याभरात रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारा आकडा) तपासून घ्या, आणि सांभाळणाऱ्याचा कागद डॉक्टरांना दाखवा.