टेलिग्राम मेसेजमधलं बोल्ड-इटालिक पायथनमध्ये नीट कसं वाचायचं

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत लॉबीत टीव्ही लावलाय. सेक्रेटरी काका टेलिग्राम ग्रुपवर नोटीस टाकतात आणि ती बोल्ड, लिंक सगळ्यासकट टीव्हीवर दिसायला हवी. म्हणजे बॉटने (प्रोग्रामने चालणारं टेलिग्राम खातं) मेसेज घ्यायचा आणि त्याचं एचटीएमएल (वेबपानाचा कोड) करायचं, बस. पण यात एक खोच आहे आणि मराठी मजकुरात इमोजी आला की ती लगेच डोळ्यात भरते.

आधी बॉटला मेसेज दिसतायत का ते बघा. ग्रुपमध्ये बॉटला बाय डिफॉल्ट सगळे मेसेज मिळत नाहीत, बॉटफादरकडे (बॉट बनवायचा-सांभाळायचा टेलिग्रामचाच बॉट) जाऊन प्रायव्हसी मोड (ग्रुपचे बाकीचे मेसेज बॉटपासून लपवणारी सेटिंग) बंद करा नाहीतर बॉटला ॲडमिन करा.

मग आलेला मेसेज कच्चा प्रिंट करून बघा. बरेच जण इथे बोल्ड-इटालिकच्या खुणा म्हणून तारे आणि अंडरस्कोर शोधायला रेजेक्स (मजकुरातले नमुने शोधायची सूत्रं) लिहायला बसतात, त्याचा काही उपयोग नाही, कारण तुमच्यापर्यंत येतो तो साधा मजकूर आणि फॉरमॅटिंग एन्टिटीज नावाच्या वेगळ्या यादीत असतं. प्रत्येक एन्टिटीत तीन गोष्टी बघायच्या: टाइप, ऑफसेट, लेंग्थ. म्हणजे काय करायचं, कुठून सुरू आणि किती लांब.

आता खोच. ऑफसेट आणि लेंग्थ यूटीएफ-१६ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची एक पद्धत) च्या युनिटमध्ये मोजलेले असतात आणि पायथन मोजतं कोड पॉइंट, म्हणजे युनिकोडमधलं एकेक चिन्ह. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, दोन्हीकडे १ च असतं त्यामुळे नुसत्या मराठी नोटिशीत सगळं बरोबर चालतं आणि आपण निवांत होतो. पण काकांची नोटीस नमस्काराशिवाय सुरूच होत नाही! समजा मेसेज आहे '🙏 उद्या पाणी बंद' आणि 'पाणी बंद' बोल्ड आहे. टेलिग्राम सांगणार ऑफसेट ९, लेंग्थ ८, कारण त्या 🙏 चे २ युनिट होतात. पायथनच्या हिशोबात तो १ च, म्हणून थेट ९ पासून कापलं की हातात येतं 'ाणी बंद'. प बाहेर राहिला, काना लोंबकळतोय.

उपाय सोपा आहे. मजकूर यूटीएफ-१६-एलई मध्ये एन्कोड करा (म्हणजे बाइटमध्ये बदला), ऑफसेट आणि लेंग्थ दोन्हीला २ ने गुणा (एका युनिटचे २ बाइट), तिथून कापा, परत डीकोड करा. 'एलई' लिहायला विसरू नका, नुसतं यूटीएफ-१६ दिलंत तर पायथन सुरुवातीला २ बाइटचा बीओएम (बाइटचा क्रम सांगणारी खूण) चिकटवतं आणि सगळं एक घर सरकतं. जावास्क्रिप्टवाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्या, तुमची स्ट्रिंग मुळातच यूटीएफ-१६ आहे.

टॅग लावताना डब्यात डबा असं समजा. बोल्डच्या आत लिंक असू शकते, पण दोन एन्टिटी अर्ध्यामुर्ध्या एकमेकांवर चढत नाहीत, एक पूर्ण दुसरीच्या आतच असते. म्हणून ऑफसेटने सॉर्ट करा, ऑफसेट सारखा असेल तर लांब असलेली आधी, आणि उघडे टॅग स्टॅकवर (शेवटचा आत गेलेला आधी बाहेर येतो अशी यादी) ठेवा. प्रत्येक जागी आधी संपलेले टॅग बंद करायचे, मगच नवे उघडायचे.

&, < आणि > एस्केप करायचे (म्हणजे एचटीएमएलने त्यांना टॅग समजू नये म्हणून त्यांच्या जागी कोड लिहायचे) ते तुकडे कापल्यावर. आधी केलंत तर एका & चीच पाच अक्षरं होतात आणि पुढचे सगळे ऑफसेट चुकतात. लिंकमधला पत्ता एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस असेल तरच घ्या आणि त्यातले अवतरणचिन्हही एस्केप करा. ओळखीचा नसलेला टाइप आला तर मजकूर साधाच दाखवा, एरर देऊन टीव्ही काळा करण्यात काय अर्थ आहे.

एवढं हाताने लिहायचं नसेल तर पायथन-टेलिग्राम-बॉट लायब्ररीत टेक्स्ट_एचटीएमएल तयार मिळतं. माझं मत विचाराल तर आधी तेच वापरून बघा, टॅग वेगळे हवे असतील तरच स्वतःचं लिहा.

फोटोखाली लिहिलेली नोटीस मात्र टेक्स्टमध्ये येत नाही, ती कॅप्शनमध्ये असते आणि तिचं फॉरमॅटिंग कॅप्शन_एन्टिटीजमध्ये, तेव्हा दोन्ही तपासा.

बॉटकडून उलट मेसेज पाठवायचा असेल तर पार्स मोड (फॉरमॅटिंग कोणत्या खुणांनी लिहिलंय ते सांगणारी सेटिंग) एचटीएमएल ठेवा. मार्कडाऊनव्ही२ (तारे-अंडरस्कोरवाली दुसरी पद्धत) मध्ये १८ चिन्हं एस्केप करावी लागतात, त्यात साधा टिंबही आला, म्हणजे 'सकाळी ८.३० ते ११' लिहिलं की मेसेज जातच नाही, ४०० चा एरर येतो आणि इकडे काका विचारतात नोटीस का गेली नाही.