वॉरंटीतला पार्ट येईना? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गाडीवाल्यांनी काय करावं

गाडीचं इंजिन बिघडलं तर सर्व्हिस सेंटरवाले धावपळ करतात. डोअर पॅडचं (दाराच्या आतल्या आवरणाचं) कापड सुटलं, रूफ लायनिंग (छताचं आतलं कापड) लोंबायला लागलं, एसी व्हेंटची पाती तुटली किंवा हँडरेस्टचं झाकण बसेना झालं, की मात्र उत्तर ठरलेलं: "ऑर्डर टाकलीय, पार्ट आला की फोन करतो." तो फोन दोन-दोन महिने येत नाही. तोवर वॉरंटी संपत येते आणि गाडी चालते आहे म्हणून आपणही गप्प बसतो.

वाट बघावी लागली तर बघा, पण कागदावर बघा. तोंडी तक्रारीला वॉरंटीत किंमत नाही.

उशीर नेमका कुठे होतो

आतल्या पार्टचा क्लेम दोन ठिकाणी अडकतो, आणि दोन्हीवरचा उपाय वेगळा आहे.

पहिली जागा मंजुरीची. प्लास्टिक, कापड, लेदरेट (नकली चामडं) यांचे दोष कंपनी जास्त संशयाने बघते, कारण ते गिऱ्हाइकाच्या हातूनही झालेले असू शकतात. सर्व्हिस सेंटरचा वॉरंटी विभाग फोटो, चासी नंबर, किलोमीटर आणि दोषाचं वर्णन वर पाठवतो. फोटो अंधुक असला किंवा वर्णन अर्धवट असलं की क्लेम परत येतो. तो परत आलाय हे पुष्कळदा आपल्याला कुणी सांगतच नाही.

दुसरी जागा साठ्याची. ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड असा माल डेपोत कायम असतो, कारण तो रोज खपतो. डोअर पॅडचं तसं नाही. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन रंग, चार-पाच व्हेरिएंट, डावं-उजवं, पुढचं-मागचं असं धरलं तर एका पॅडचे कितीतरी पार्ट नंबर होतात. ते कोण साठवून ठेवणार? मग पार्ट बॅकऑर्डरला जातो, म्हणजे पुरवठादाराने पुढचा लॉट काढला की मिळणार. मॉडेलचा फेसलिफ्ट (किरकोळ बदल केलेली नवी आवृत्ती) आला आणि आतला रंग बदलला, तर जुन्या रंगाचा पार्ट आणखी रखडतो.

म्हणून सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला "कधी येणार?" असं विचारण्यात अर्थ नाही. दोनच प्रश्न विचारा: क्लेम मंजूर झाला का, कोणत्या तारखेला? पार्टची ऑर्डर पडली का, तिचा नंबर काय? पहिल्याचं उत्तर "नाही" असेल तर काम इथेच, बेळगावातच अडलंय. ते फोटो आणि कागद नीट करून सुटतं. दुसऱ्याचं उत्तर "बॅकऑर्डर" असेल तर सर्व्हिस सेंटरवर ओरडून उपयोग नाही, कंपनीकडे जावं लागतं.

जॉबकार्ड: सगळी मदार इथे

दोष दिसला त्याच आठवड्यात जॉबकार्ड, म्हणजे तक्रार आणि काम नोंदवणारा सर्व्हिस सेंटरचा कागद, उघडून घ्या. "पुढच्या सर्व्हिसिंगला बघू" म्हणाले तरी घ्या. वॉरंटी चालू असताना दोष नोंदवला होता, हे सांगणारा तोच कागद असतो. मुदत संपायला दहा दिवस उरलेत आणि पार्ट दोन महिन्यांनी येणार आहे, अशा वेळी जॉबकार्डची तारीख तुमच्या बाजूने बोलते. नुसता फोन केला असेल तर बोलायला काहीच नाही.

जॉबकार्डवर अ‍ॅडव्हायझर बहुतेक वेळा "रूफ चेक करणे" एवढंच टाइप करतो. ते चालवून घेऊ नका. असं लिहून मागा:

"मागच्या सीटच्या वर उजव्या बाजूला रूफ लायनिंगचं कापड फोमपासून सुटून साधारण एक वीत खाली आलं आहे. कापड फाटलेलं नाही, पाण्याचा डाग नाही. बाहेरची कोणतीही फिटिंग केलेली नाही. वॉरंटीत बदलून मिळावं."

यात जागा, दोष, काय झालेलं नाही आणि मागणी या चारही गोष्टी आल्या. जॉबकार्ड इंग्रजीत निघतं, तेव्हा हाच मजकूर इंग्रजीत घालायला सांगा आणि सही करण्याआधी वाचा. प्रत घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. गाडी ठेवून न घेता परत दिली, तर जॉबकार्ड बंद करताना "पार्ट उपलब्ध नाही, मागवला आहे" अशी नोंद पाहिजे. "काम पूर्ण" म्हणून बंद केलं तर तक्रार कागदोपत्री मिटली.

फोटो स्वतः काढा, दिवसाउजेडी. एक लांबून, म्हणजे पार्ट गाडीत कुठे आहे ते कळेल असा. एक जवळून, दोषाशेजारी पट्टी किंवा नाणं धरून. एक ओडोमीटरचा आणि एक चासी नंबरचा. टचस्क्रीन आपोआप दाबली जाणं, सीटच्या रेलचा खडखडाट, पॉवर विंडो मध्येच अडकणं हे दोष सर्व्हिस सेंटरला गेलं की हटकून दिसत नाहीत. त्यांचा व्हिडिओ करा.

क्लेम का नाकारतात

आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण पाणी. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात गाडी चार-चार महिने ओली असते, आणि आतला कोणताही दोष "पाणी शिरलं" या नावावर ढकलता येतो. म्हणून पाणी कुठून येतंय ते आधी स्वतः बघा. ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचा गालिचा एसी चालवल्यावर ओला होत असेल, पाणी स्वच्छ असेल आणि एसी चालू असताना गाडीखाली नेहमीसारखं ठिबकत नसेल, तर एसीची ड्रेन नळी तुंबली आहे. पाऊस पडून गेल्यावरच ओल दिसत असेल तर सनरूफच्या ड्रेन नळ्या, काचेखालच्या जाळीत अडकलेला पाला किंवा दाराचं रबर तपासा. पाल्याने तुंबलेली नळी ही देखभालीची बाब धरतात. नळी जागेवरून सुटलेली असेल किंवा रबर नीट बसवलेलंच नसेल तर तो जोडणीतला दोष आहे. जॉबकार्डवर हा फरक लिहून घ्या. ओला गालिचा तसाच ठेवू नका: सीटखाली एअरबॅगच्या वायरिंगचे कपलर (वायर जोडणारे प्लग) असतात, ते गंजले की एअरबॅगचा दिवा लागतो.

दुसरं कारण बाहेरची फिटिंग. डॅशकॅम किंवा स्पीकरसाठी वायर कापली असेल तर त्या भागाचा इलेक्ट्रिकल क्लेम गेलाच म्हणून समजा. वायर न कापता कपलरने जोडून घ्या. अथणी, रायबागकडच्या उन्हात डॅशबोर्डवर ठेवलेली परफ्यूमची बाटली सांडली तर प्लास्टिकवरचा थर उडतो आणि डाग कायमचा राहतो. तो क्लेम कुणी मंजूर करणार नाही.

तिसरं कारण "झीज". दोन वर्षांत स्टिअरिंगचं लेदरेट सोलपटलं तर ती झीज की दोष, यावर वाद होतो. वॉरंटी पुस्तिकेतलं वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा आणि नकार लेखी मागा, कोणत्या कलमाखाली ते नमूद करून. लेखी मागितल्यावर बरेच नकार मऊ पडतात. एक्स्टेंडेड वॉरंटीच्या भरवशावर राहू नका. तिच्यात सीटचं कापड, ट्रिम, रबर, आवाज हे बहुधा वगळलेलं असतं. आतल्या पार्टचं काम मूळ वॉरंटीतच करून घ्यायचं.

थांबायचं नाही असे पार्ट

सीटबेल्ट ओढल्यावर परत जात नाही, सीटची पाठ चालताना मागे सरकते, हॉर्न वाजत नाही आणि त्याच वेळी एअरबॅगचा दिवा लागलाय (हे स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे हॉर्न आणि एअरबॅगला जोडणारी गुंडाळलेली वायर, तुटल्याचं लक्षण असू शकतं), हे दोष दिसायला आतले असले तरी जिवाशी आहेत. ई-मेलमध्ये "सुरक्षिततेचा दोष" असा शब्द घाला, गाडी सर्व्हिस सेंटरमध्येच ठेवा आणि पार्ट येईपर्यंत दुसरी गाडी मागा.

लोंबणारं रूफ लायनिंग बाहेरच्या दुकानात गोंदाने चिकटवू नका. आतला फोम भुसा होऊन गेलेला असतो, त्यामुळे गोंद धरत नाही. कर्टन एअरबॅग असेल तर ती छताच्या कडेलाच असते. आणि एकदा गोंद लागला की वॉरंटी संपली.

पाठपुरावा

जॉबकार्डनंतर आठवड्याने सर्व्हिस मॅनेजरला ई-मेल करा: जॉबकार्ड नंबर, गाडी नंबर, चासी नंबर आणि वरचे दोन प्रश्न. पंधरा दिवसांत ठोस उत्तर नसेल तर तोच ई-मेल कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवा आणि तक्रार क्रमांक घ्या. फोनवर बोलणं झालं तर त्याच दिवशी "आज आपण असं सांगितलंत" असा मेसेज टाकून ठेवा.

महिना झाला की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथे मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण तक्रार थेट कंपनीच्या वरच्या कार्यालयात जाते. बॅकऑर्डरला पडलेल्या पार्टसाठी हा मार्ग वकिलाच्या नोटिशीपेक्षा आधी वापरावा.

त्यानेही हललं नाही तर विक्रेता आणि कंपनी दोघांनाही पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा जपा. नोटीस स्वतः लिहिली तरी चालते.

ग्राहक आयोग आणि सीमेचा प्रश्न

बेळगाव-निपाणीकडचे बरेच लोक गाडी कोल्हापुरातून घेतात. मग बेळगावचा सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, "जिथून घेतली तिथे जा." हे ऐकून घेऊ नका. वॉरंटी कंपनीची असते, विकणाऱ्या दुकानाची नव्हे. कंपनीच्या कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरने क्लेम घ्यायचा असतो. फक्त फ्री सर्व्हिसिंग वेळेवर झाल्याच्या नोंदी हाताशी ठेवा.

खटल्यासाठीही कोल्हापूरला खेटे घालायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे गाडी कोल्हापूरची असली तरी खानापूरच्या माणसाला बेळगावचा आयोग चालतो. उलट चंदगडचा माणूस बेळगावच्या सर्व्हिस सेंटरविरुद्ध कोल्हापुरात जाऊ शकतो.

तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षांची. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. फी अशी: ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १,०००. वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. बेळगावच्या आयोगात कागद इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये द्या, मराठी पत्रांना भाषांतर जोडा. मोबाइलवरचे फोटो आणि मेसेज यांच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलेलं बरं. समोरच्याला उत्तराला ३० दिवस मिळतात, वर जास्तीत जास्त १५. निकालाची मुदत कायद्यात तीन महिने, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, ते धरूनच चाला.

मागणी बेताची ठेवा. क्लचच्या तक्रारीवरून सबंध गाडी बदलून द्यायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये रद्द केला, कारण वॉरंटी दोषी भाग बदलण्याची होती. डोअर पॅडसाठी नवी गाडी मागितली तर खरी तक्रारही हलकी होते. पार्ट, उशिराची भरपाई आणि खर्च एवढं मागा.

गोव्याच्या वाटेवर टॅक्सी चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट: धंद्याची गाडी म्हणून ग्राहक नाही, असा आक्षेप हमखास येतो. स्वतः चालवून त्यावरच पोट भरत असाल तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात तसं लिहा.

पार्ट आला त्या दिवशी

खोका आपल्यासमोर उघडायला लावा, जुना पार्ट काढायच्या आधी. रंग चुकणं, डाव्याऐवजी उजवा येणं नेहमीचं आहे, आणि एकदा जुना पॅड उचकटला की त्याच्या क्लिपा तुटतात. एका दारात आठ-दहा क्लिपा असतात. त्या नव्या घालायला सांगा, नाहीतर महिन्याभरात दार खडखडायला लागतं. पॅडच्या मागे पत्र्याला चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा असतो, तो काळ्या चिकट पट्टीने सगळीकडून परत बसला पाहिजे. तो अर्धवट राहिला तर पहिल्याच वळवात दारातलं पाणी गालिच्यावर उतरतं. मग काच, लॉक, स्पीकर, आरशाचं बटण चालवून बघा आणि खराब रस्त्यावर एक फेरी मारा.

बिल शून्य रुपयांचं असलं तरी पार्ट नंबर असलेली प्रत घ्या. बदललेल्या पार्टला बहुधा मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच लागू होते, म्हणून तोच दोष पुन्हा दिसला तर त्याच दिवशी नवं जॉबकार्ड उघडा आणि त्यावर जुन्या जॉबकार्डचा नंबर लिहायला लावा.