घरातल्या पिस्तुलासाठी काडतूस कसं निवडावं आणि तपासावं

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी ९ मिमी पिस्तूल घेतलेल्यांसाठी हा लेख आहे. भारतात ९ मिमी प्रतिबंधित बोअरमध्ये (सामान्य नागरिकाला सहसा परवाना न मिळणाऱ्या नळीच्या मापात) मोडतं, तिथे यातलं फारसं लागू नाही.

आधी राज्याचा कायदा बघा. न्यू जर्सीत हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ) गोळी घरी ठेवता येते, पण सोबत बाळगण्यावर निर्बंध आहेत.

सरावाच्या गोळीला पूर्ण तांब्याचं आवरण असतं. ती शरीर भेदून पलीकडे जाऊ शकते. हॉलो पॉइंटच्या टोकाला खळगा असतो, त्यामुळे ती आत शिरताच सहसा फुलते आणि लवकर थांबते. तरी ड्रायवॉलची (जिप्समच्या पातळ फळ्यांची) भिंत तीही पार करते. भिंतीपलीकडे कोण झोपतं, हे आधीच पाहून ठेवा.

खोक्यावरचे वेगाचे आकडे वाचून भुलू नका. १९८६ला मायामीत दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीनंतर एफबीआयने, शरीराच्या मांसासारख्या वागणाऱ्या जिलेटिनच्या ठोकळ्यावरच्या चाचण्या ठरवल्या. गोळी १२ ते १८ इंच शिरली पाहिजे, जाड कपड्यातून गेल्यावरही. कापडाने खळगा बुजला की काही गोळ्या फुलतच नाहीत. अशा चाचण्यांचे निकाल शोधा, पण नळीची लांबी जुळते का ते पाहून. लांब नळीत छान फुलणारी गोळी ३ इंची नळीतून कमी वेगाने निघते आणि तशीच फुलेल याची खात्री नसते. '+पी' लिहिलेली, जास्त दाबाची काडतुसं पिस्तुलाच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच घ्या.

आता रेंजवर. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. नेमकी तीच काडतुसं निदान शंभर तरी झाडा, प्रत्येक मॅगझीनमधून, एका हातानेसुद्धा. महाग पडतं, पण इथे काटकसर नको. काडतूस अडकतं का, रिकामं टरफल नीट बाहेर पडतं का, शेवटच्या गोळीनंतर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे थांबते का, हे टिपून ठेवा. वारंवार अडत असेल तर दुसऱ्या मॅगझीनने पाहा. तरीही अडलं तर ब्रँड बदला. ट्रिगर ओढूनही बार उडाला नाही तर पिस्तूल अर्धा मिनिट लक्ष्याकडेच रोखून ठेवा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर लगेच थांबा, गोळी नळीत अडकलेली असू शकते.

घरी एकच काडतूस पुन्हापुन्हा चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागात) चढवू-उतरवू नका. गोळी टरफलात आत दबते आणि बार उडताना दाब धोकादायक वाढतो. नव्या काडतुसाशेजारी धरून लांबी पाहा. आखूड दिसलं तर ते वापरू नका, रेंजवर विल्हेवाटीसाठी द्या.