लिफ्ट किट घेताय? इंच नंतर बघा, बोल्ट कसे आवळणार ते आधी विचारा

लिफ्ट किट म्हणजे गाडी उंच करणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट, त्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, कुठल्या ब्रँडचं टिकतं? ओल्ड मॅन एमू आणि आयर्नमॅन ऑस्ट्रेलियाचे, प्रोफेंडर थायलंडचं, बिलस्टीन जर्मनीचं, नावं सगळी चांगलीच आहेत. पण आपल्याकडे किट टाकून सहा महिन्यात खडखड करत परत गॅरेजला येणाऱ्या गाड्या बघा, बऱ्याचदा नवीन स्प्रिंग-शॉकअप ठणठणीत असतात आणि वाट लागलेली असते ती बुशची (सांध्यातलं रबर), बॉल जॉइंटची (चाकाचा फिरता सांधा) नाहीतर ॲक्सलच्या बुटाची (जॉइंटवरचं रबरी कव्हर), म्हणजे उंची वाढल्यामुळे ज्यांचे अँगल बदलले त्या कंपनीच्या मूळ पार्टची. त्यामुळे किट किती टिकेल यापेक्षा किट टाकल्यावर बाकीची गाडी किती टिकेल हे बघून खरेदी करा.

आधी एक गैरसमज. लिफ्टने मागच्या डिफरन्शियलच्या (ॲक्सलच्या मध्यातला गिअरचा गोळा) खालची जागा एक एमएमनेही वाढत नाही. थारचा मागचा ॲक्सल सलग आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा, जिमनीचे तर पुढचा-मागचा दोन्ही, आणि तो ॲक्सल टायरवर उभा असतो, म्हणजे ती जागा फक्त मोठ्या टायरने वाढते. लिफ्टने बॉडी वर जाते, चढाला बंपर लागत नाही, उंचवट्यावर पोट टेकत नाही आणि मोठ्या टायरला फेंडरमध्ये जागा मिळते. थारला कंपनीकडूनच 226 एमएम ग्राउंड क्लिअरन्स आहे, जिमनीला 210. तुमचं ऑफरोडिंग म्हणजे पावसाळ्यात मुरबाडकडच्या कच्च्या रस्त्याने फार्महाऊसला जाणं एवढंच असेल तर चांगले ऑल टेरेन टायर टाका, लाखाच्या घरातला खर्च वाचेल.

तरी घ्यायचंच असेल तर आधी गाडीचं वजन करून या. खरंच. नवी मुंबईत एपीएमसी मार्केट किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या बाजूला ट्रकचे वजनकाटे आहेत, तिथे आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, दोन्ही पावत्या ठेवा. कारण चांगल्या किटमध्ये स्प्रिंग वजनाप्रमाणे येतात, हलकी, मध्यम, जड, आणि दुकानदार बऱ्याचदा जी स्टॉकमध्ये आहे ती चिकटवतो. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) नसताना जड स्प्रिंग टाकली तर गाडी सांगितलेल्या लिफ्टपेक्षा अजून वर बसते, अँगल आणखी बिघडतात आणि घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत मागे बसलेल्यांची कंबर जाते.

स्पेसरचं, म्हणजे स्प्रिंग-शॉकअपच्या वर-खाली टाकायच्या जाड चकतीचं काय, तर स्वस्त असतात, काही हजारांत काम होतं, पण नीट समजून घ्या. थारला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म, शॉकअप खालच्या आर्मवर चाकापासून बराच आत बसलेला असतो, त्यामुळे वर 25 एमएमचा स्पेसर टाकला की चाकापाशी लिफ्ट त्यापेक्षा बरीच जास्त मिळते. लोक खूश होतात. पण चाक हवेत लटकलं की आर्म कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्या खाली जातो आणि वरचा बॉल जॉइंट, ॲक्सलचा जॉइंट दोघंही शेवटच्या टोकाला अडकतात. आधी बूट फाटतो, ग्रीस बाहेर, पावसाचं पाणी आत, मग वळताना कटकट. दुसरा प्रकार स्प्रिंगखाली बसतो, त्यात शॉकअपची लांबी तेवढीच राहते पण उंची वाढल्याने खाली जायची जागा संपते, म्हणून स्पीडब्रेकरवरून उतरताना ठक् असा आवाज येतो. तो आवाज "सेट होईल" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

जिमनीला त्रास वेगळा. सलग ॲक्सल पॅनहार्ड रॉड नावाच्या आडव्या दांड्याने बॉडीला धरलेला असतो, गाडी वर गेली की ॲक्सल एका बाजूला सरकतो, आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या सांध्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो म्हणजे स्टिअरिंग स्वतःहून सरळ यायला कंटाळतं. पाम बीच रोडवर ऐंशीच्या स्पीडला गाडी डावी-उजवी शोधायला लागली तर हेच कारण समजा. साधारण 40-50 एमएमच्या वर जाणार असाल तर कॅस्टर करेक्शन आणि ॲडजस्टेबल पॅनहार्ड रॉड किटमध्ये आहेत का विचारा, नसतील तर ते किट अर्धवट आहे.

आता फिटिंग, खरा खेळ इथे आहे. आर्म आणि लिंकच्या टोकाला जो रबरी बुश असतो त्यात रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, बोल्ट आवळला की आतली नळी जाम होते आणि पुढची सगळी हालचाल रबर पिळून होते. मेकॅनिक गाडी गॅरेजच्या जॅक-लिफ्टवर चढवतो, चाकं लटकलेली, आणि घाईत तिथेच बोल्ट फुल टाइट करतो. मग गाडी खाली आली की प्रत्येक बुश नुसत्या उभ्या गाडीतसुद्धा पिळलेला, रात्रंदिवस. माझ्या मित्राच्या जिमनीत मागच्या लिंकचे बुश एका पावसाळ्यात गेले, काढून बघितले तर रबर पिळवटून गोल चिरलेलं, आणि किट मात्र एकदम नवीन. म्हणून गॅरेजला आधीच स्पष्ट सांगा, बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उभी करा, दोनदा पुढे-मागे ढकला आणि मग टॉर्क पान्याने (ठरलेल्या ताकदीने आवळणारा पाना) आवळा. "आमचा अंदाज बरोबर असतो" म्हणाला तर दुसरं गॅरेज बघा. पॉलीयुरेथेन बुशला हा प्रॉब्लेम नसतो, पण ग्रीस मागतात आणि नाही दिलं की पावसात कुईकुई करतात.

तिथे उभे आहात तर बोल्टच्या डोक्यावरचे आकडे पण वाचा, 8.8 किंवा 10.9 (मजबुतीचा ग्रेड) कोरलेलं हवं, डोकं कोरं असेल तर तो बोल्ट नको. चाक पूर्ण लटकवून स्टिअरिंग दोन्ही बाजूला फुल फिरवा, ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना बघा, ताण दिसला तर लांब होज किंवा ब्रॅकेट लागणारच. आवळलेल्या प्रत्येक नटवर रंगाची एक रेघ ओढून घ्या, नटपासून बोल्टपर्यंत, रेघ तुटली की नट हलला. मग चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंतचं माप चारही कोपऱ्यांचं लिहून ठेवा. अलाइनमेंट आणि हेडलाइट सेटिंग त्याच दिवशी, नाहीतर समोरचे सगळे शिव्या घालतील.

पाचशे-हजार किलोमीटरनंतर परत माप घ्या, नट तपासा, अलाइनमेंट करा. नवीन स्प्रिंग थोडी बसते ते ठीक, पण डावं-उजवं वेगळं बसलं तर वॉरंटीत भांडा. शॉकअपवर तेलाचा पुसट थर चालतो, थेंब गळत असेल तर नाही. घ्यायच्या आधीच विचारून ठेवा की एक शॉकअप गेला तर एकटा मिळतो का आणि किती दिवसात. टेस्टिंगला ठाण्याच्या येऊरला जाऊ नका, तो भाग नॅशनल पार्कचा आहे, ड्रायव्हवेच्या चढाला एक चाक चढवून चाकं क्रॉस केली, म्हणजे तिरप्या कोपऱ्यांतली दोन वर, दोन खाली, तरी सगळं घासणं-अडकणं कळतं.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई आहे, सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. दुकानदार "सगळेच टाकतात" म्हणेल, पण क्लेम अडकला तर तो येणार नाही, म्हणून आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्यांना आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मूळ स्प्रिंग-शॉकअप गॅरेजला फुकट सोडून येऊ नका, तेल लावून गोणीत घालून माळ्यावर टाका, गाडी विकताना किंवा परत मूळ उंचीवर आणायची वेळ आली तर नवीन सेट घ्यायला लागणार नाही.