सोसायटीत वाचनालय काढायचंय? आधी रविवार ठरवा

गणपतीच्या मांडवात रात्री आरती उरकली की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘आपल्या सोसायटीत एक छोटं वाचनालय हवं होतं बुवा.’ सगळे माना डोलावतात, एकदोघं नावही सुचवतात. विसर्जन होतं आणि विषय थेट पुढच्या भाद्रपदात निघतो. डोक्यातली कुठलीही कल्पना अशीच वर्षानुवर्षं टिकून राहते, कारण तिच्यावर बोलायला काही खर्च येत नाही. वाचनालयाचं उदाहरण घेऊन ती बाहेर कशी काढायची ते बघू.

कल्पना एका वाक्यात बसवा

कागद घ्या आणि लिहा: ‘येत्या रविवारी सकाळी दहा ते अकरा, बी विंगच्या लॉबीत, एक टेबल आणि चाळीस पुस्तकं.’ दिवस, वेळ, जागा, आकडा. यातलं एक जरी गाळलंत तरी ते वाक्य पुन्हा मांडवातल्या गप्पांत जमा होतं. वाचनालयाचं नाव, लोगो, उद्घाटनाला कोण, हे सगळं नंतर. नावावरून दोन विंगांत फूट पडल्याचं मी पाहिलंय, तेव्हा एकही पुस्तक गोळा झालेलं नव्हतं!

एवढ्याशा टेबलाला वाचनालय कसं म्हणायचं, असं वाटत असेल तर महाबळेश्वर-पाचगणीजवळचं भिलार आठवा. मे २०१७ मध्ये ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं, तेव्हा पुस्तकं ठेवली गेली ती लोकांच्या घरांत, देवळात, लॉजमध्ये. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम २००९ पासून पुस्तकांच्या पेट्यांवर चाललाय. पेटी वाचकांच्या गटाकडे जाते आणि ठरावीक काळाने गटांच्या पेट्या आपसात बदलतात.

पुस्तकं: पहिली चाळीस घरातलीच

सुरुवातीला ‘पुस्तकं दान करा’ असा मेसेज ग्रुपवर टाकू नका. टाकलात तर दहावीची जुनी गाईडं, पंधरा वर्षांपूर्वीच्या सॉफ्टवेअरचे जाडजूड ग्रंथ आणि लग्नात आहेर म्हणून आलेले, कधीच न उघडलेले ठोकळे तुमच्या दाराशी येऊन पडतील. लोकांची रद्दी निघते आणि वर तुम्ही आभार मानायचे. नंतर दान घ्याल तेव्हा ‘निवडून घेऊ, उरलेली परत करू’ हे आधीच सांगा.

पहिली चाळीस स्वतःच्या आणि दोन मित्रांच्या कपाटातून काढा. निम्मी तरी मुलांची हवीत. आठ ते बारा वयाचं पोर पुस्तक न्यायला येतं तेव्हा सोबत आई किंवा आजोबा येतात, आणि उभ्याउभ्या तेही चाळतात. बाकीत दिवाळी अंक भरपूर ठेवा. ‘मनोरंजन’ मासिकाच्या १९०९ च्या दिवाळी अंकापासून चालत आलेली ही परंपरा अशा टेबलासाठी फार सोयीची आहे. कादंबरीला घाबरणारा माणूस अंकातली एक कथा आणि राशिभविष्य वाचायला नेतोच. डिसेंबर-जानेवारीपर्यंत घरोघरचे अंक वाचून झालेले असतात, तेव्हा मागितले तर सहज मिळतात.

सहीची प्रत, वडिलांनी दिलेलं पुस्तक, आता छापलं न जाणारं काही असेल तर ते घरीच राहू द्या. पुस्तकं हरवणार, हे धरूनच चालायचं.

परवानगी मागा, पण एका तासापुरती

‘सोसायटीत वाचनालयासाठी खोली मिळावी’ असा अर्ज पहिल्याच दिवशी दिलात की उपसमिती नेमली जाते. मग कुणाला १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आठवतो, कुणी सरकारमान्य ग्रंथालयांचे अ-ब-क-ड वर्ग आणि अनुदान यांवर बोलतो, आणि बैठक चहावर संपते. त्यापेक्षा सेक्रेटरीकाकांना फोन करा: ‘काका, रविवारी लॉबीत तासभर टेबल लावते. अकराला उचलून जागा होती तशी करून देते.’ याला नाही म्हणायला कारण लागतं, आणि ते सहसा सापडत नाही. जिना आणि मीटररूमच्या तोंडाशी मात्र टेबल लावू नका. ती वाट अडवणं धोक्याचं आहे, आणि पहिली तक्रारही त्यावरूनच येईल.

वही

साधी लांब वही घ्या. रकाने: तारीख, दाखल क्रमांक (म्हणजे प्रत्येक पुस्तकाला तुम्ही दिलेला नंबर), पुस्तक, फ्लॅट क्रमांक, परत आल्याची तारीख. दाखल क्रमांक पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहा आणि आतल्या एका ठरलेल्या पानावरही, म्हणजे समजा प्रत्येक पुस्तकाच्या पंचविसाव्या. पहिलं पान फाटतं, आतलं टिकतं; ग्रंथालयांची ही जुनी रीत आहे. सोसायटीतला एखादा आयटीवाला ‘मी अ‍ॅप बनवतो’ म्हणेल. त्याला मनापासून धन्यवाद द्या आणि रविवारी टेबल उचलायला बोलवा.

पैशाचं म्हणाल तर वर्गणी नको, शंभर रुपये अनामत पुरे, तीही मुलांकडून घेऊ नये असं माझं मत. उशिराचा दंड ठेवू नका. दहा रुपयांसाठी माणूस पुस्तकासकट तोंड लपवतो. थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर तर चुकूनही लावू नका. मेंटेनन्सच्या यादीने जेवढी भांडणं होतात तेवढी पुरेत. सरळ फोन करायचा: ‘वहिनी, ते पुस्तक दुसऱ्या कुणाला हवंय, वाचून झालं का?’

आठ रविवार, मगच निकाल

इथे बहुतेकांचा धीर सुटतो. पहिल्या रविवारी कौतुकाने गर्दी होते, तिसऱ्याला वॉचमन आणि तुम्ही. म्हणून आधीच ठरवून टाका की आठ रविवार टेबल लागणारच, पाऊस असो की क्रिकेटचा सामना. वेळही बदलायची नाही. ‘हल्ली कधी असतं हो ते?’ असं लोक विचारू लागले की संपलं. वार्षिक परीक्षा आणि मे महिन्याची सुट्टी सोडून सुरुवात करा. जूनमध्ये शाळा उघडतात तो काळ चांगला.

दुसरा माणूस तिसऱ्या रविवारच्या आत गाठा, आणि तो शक्यतो दुसऱ्या विंगचा असावा, नाहीतर ‘बी विंगवाल्यांचं वाचनालय’ असा शिक्का बसतो. निवृत्त शिक्षक मिळाले तर उत्तमच. पण सातवीतल्या मुलीला वही सांभाळायला दिलीत तर ती मोठ्यांपेक्षा काटेकोर असते. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये सुरू करणारे विनायक लक्ष्मण भावेही तेव्हा जेमतेम विशीतले होते.

पावसाळ्यात पुस्तकं खोक्यात कोंबून ठेवू नका. जुनं लोखंडी कपाट मिळालं तर घ्या, भिंतीपासून चार बोटं सरकवून ठेवा. कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला आणि आठवड्यातून एकदा दारं उघडी टाका. ओल आली की बुरशी आणि कसर मागोमाग येतात.

आठ रविवार झाले की समितीला अर्ज द्या. सोबत वहीच्या पानांची झेरॉक्स जोडा: किती घरांनी किती पुस्तकं नेली, किती परत आली. मागणी छोटी ठेवा, कपाटापुरती भिंत आणि एक दिवा. जूनमध्ये सुरुवात केलीत तर हे ऑगस्टमध्ये येतं, आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागत असल्याने विषयपत्रिका निघण्याआधी अर्ज पोचतो. सभेच्या दिवशी, नेमाने पुस्तकं नेणाऱ्या पाच-सहा घरांतलं कुणी ना कुणी हजर राहील एवढं मात्र आदल्या रविवारीच बघून ठेवा.