त्रिस्तान दा कुन्याला निघण्याआधी

दक्षिण अटलांटिक महासागरातल्या या बेटावर विमानतळ नाही. केपटाउनहून सुमारे २,८०० किलोमीटर जहाजानेच, आठवडाभर किंवा जास्तच. आधी बेट परिषदेची परवानगी, मग तिकीट. परतीचे तिकीट आणि वैद्यकीय विमाही हवा.

बाहेरचे बी-जीव बेटावर जाऊ नयेत म्हणून खरी मेहनत बुटांवर घ्या. तळव्यांच्या खाचांतली माती टोकदार काडीने उकरा, ब्रशने घासा, पूर्ण वाळवा. वेल्क्रोत, खिशांच्या शिवणीत, मोज्यांत गवताचे बी हमखास अडकते. पिशव्या उलट्या करून झटका. हा बाऊ नव्हे: ४०० किलोमीटरवरच्या गॉफ बेटावर माणसांबरोबर आलेले उंदीर अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्याची पिल्ले जिवंत कुरतडतात.

बेटाचे कॅलशॉट बंदर लहान आहे. लाटा उसळल्या की उतरणे रद्द, परतणेही. केपटाउनहून पुढचे विमान जहाजाच्या तारखेला चिकटून ठरवू नका.