फ्लेक्सिबल बॉडी टाकताय? आधी धरमकाट्यावर जाऊन या

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका गाळ्याच्या माळ्यावर आमचं गाड्यांच्या सिम्युलेशनचं काम चालतं. मे महिन्यात कूलर घरघरत असतो, वर्कस्टेशन त्याच्यापेक्षा गरम झालेलं असतं आणि दर वर्षी नवीन पोरं येऊन त्याच जुन्या चुका नव्या उत्साहानं करतात. अंतिम वर्षाचं पोरगं अ‍ॅडम्समध्ये (गाडीची हालचाल तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये) रिजिड, म्हणजे न वाकणाऱ्या पार्टांचं, मॉडेल जेमतेम चालवायला शिकतं आणि लगेच विचारतं, "सर, आता चेसिस फ्लेक्सिबल करू का?" कर ना बाबा. पण काहून करतो आहेस, हे विचारलं की समोर शांतता.

पहिली चूक युनिटची. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण हिच्यापायी माझे स्वतःचे नऊ दिवस गेले आहेत.

एका टिपरची लॅडर फ्रेम होती. फायनाइट एलिमेंट मॉडेल (पार्टचे बारीक तुकडे पाडून केलेलं) न्यूटन, मिलिमीटर आणि टन यात बांधलेलं, म्हणजे स्टीलची घनता दर घन मिलिमीटरला 0.00000000785 टन. दशांशचिन्हानंतर आठ शून्यं. तिथपर्यंत सगळं बरोबर. पण एमएनएफ फाइल (फ्लेक्सिबल पार्ट गाडीच्या मॉडेलमध्ये नेणारी) काढताना नास्ट्रानला, म्हणजे फायनाइट एलिमेंटच्या सॉल्व्हरला, युनिट सांगणारी जी एक ओळ असते, तिच्यात आमच्या पोरानं वस्तुमानाच्या जागी केजी लिहिलं. तिथे मेगाग्रॅमचं एमजीजी हवं होतं. झालं, 410 किलोची फ्रेम गाडीच्या मॉडेलमध्ये 410 ग्रॅमची झाली. त्यापेक्षा अर्धा किलो पोह्याची पिशवी जड.

आता गंमत बघा. नास्ट्रानच्या आउटपुटमध्ये फ्रेमचा पहिला ट्विस्ट मोड (मोड म्हणजे पार्टचा थरथरण्याचा ठरलेला आकार आणि त्याची फ्रीक्वेन्सी) 11 हर्ट्झ छापलेला होता, कारण तिथलं गणित आपल्या जागी चोख होतं. स्टॅटिक टेस्टही पास झाली. तीन कोपरे धरले, चौथ्यावर लोड दिला, डिफ्लेक्शन अगदी हवं तेवढं आलं. येणारच, स्टिफनेसला वजनाशी काय घेणं? पण गाडीच्या मॉडेलमध्ये वस्तुमान हजारपट कमी आणि स्टिफनेस तेवढाच, म्हणजे फ्रीक्वेन्सी हजारच्या वर्गमुळाइतकी, 31.6 पट चढली. 11 चे जवळपास 350 झाले.

गाडीचं एकूण वजन कमी भरतंय हे पोराच्या लक्षात आलं होतं, हे ऐकून तर मी कपाळावर हात मारला. त्यानं काय केलं? मधल्या क्रॉसमेंबरवर 410 किलोचा डमी मास चिकटवला! अ‍ॅक्सल लोड जुळले, पोरगं खूश. मग खड्ड्याच्या रनमध्ये केबिनच्या माउंटवरचा ग्राफ मोजलेल्या डेटाशी जुळेना. आम्ही नऊ दिवस बुश (जोडणीतलं रबर), टायर, डँपर सगळं उकरत बसलो.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे. फ्लेक्सिबल बॉडी आत आली की रन करायच्या आधी फक्त तिचं वजन आणि सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी बघायचं. खरा पार्ट हाताशी असेल तर धरमकाट्यावर किंवा निदान भंगारवाल्याच्या काट्यावर तोलून आणायचा. आमच्या पोरांना यात कमीपणा वाटतो. वाटू दे. वजन जुळत नसेल तर वरून वजन चिकटवायचं नाही, कुठे गेलं ते शोधायचं.

दुसरी माझी लाडकी चूक म्हणजे मोड उडवणं.

हे समजायला थोडं मागे जावं लागेल. आपण सगळे जी पद्धत वापरतो ती क्रेग आणि बॅम्प्टन यांची, 1968 सालची. तिच्यात प्रत्येक इंटरफेस नोडचे, म्हणजे पार्ट दुसऱ्याला जोडला जातो त्या बिंदूचे, सहा कन्स्ट्रेंट मोड (तो बिंदू एकेका दिशेनं हलवल्यावर येणारे आकार) असतात आणि त्यावर तुम्ही मागाल तेवढे नॉर्मल मोड (ते बिंदू घट्ट धरून पार्ट थरथरतो ते आकार). सस्पेन्शनच्या तीन जोडण्यांच्या लोअर आर्मला 18 कन्स्ट्रेंट आणि समजा 20 नॉर्मल, एकूण 38. ते एकमेकांत मिसळून नव्यानं मांडले जातात. त्यातले सहा रिजिड बॉडीचे बंद करायचे, उरले 32. लोडखाली पार्ट बरोबर किती वाकेल, हे मुख्यतः कन्स्ट्रेंट मोड सांभाळतात. पण नव्या मांडणीत त्यांचा बराच भाग वरच्या फ्रीक्वेन्सीला, काही हजार हर्ट्झला जाऊन बसतो. बघणाऱ्याला वाटतं, कचरा आहे.

एका पोरानं रन हळू चालतो म्हणून 500 हर्ट्झच्या वरचं सगळं बंद केलं. युक्तिवाद असा की रस्त्यावरून एवढी फ्रीक्वेन्सी येतच नाही. ऐकायला पटतं. दुसऱ्या दिवशी तो सांगतो, "सर, एकदम फास्ट झालं, रिजिडइतकाच वेळ लागतोय." ग्राफ पाहिला तर रिजिडच्या रेषेवर बरोबर बसलेला. आर्मचा पहिलाच मोड 640 ला होता! म्हणजे बेट्यानं एकही मोड शिल्लक ठेवला नव्हता. फ्लेक्सिबल नावाची लोखंडाची वीट.

रन हळू चालतो तर चहा घ्या. वरचे मोड त्रास देत असतील तर डँपिंगकडे (थरथर किती लवकर विझते तिकडे) बघा. अ‍ॅडम्स आपण काही सांगितलं नाही तर 100 हर्ट्झखाली एक टक्का, 100 ते 1000 मध्ये दहा टक्के आणि त्यावर पूर्ण क्रिटिकल डँपिंग धरतं. बहुतेक वेळा एवढं पुरतं. तरी मोड उडवायचेच असतील तर बॉल जॉइंटला 1000 न्यूटनची ओढ देऊन आधीचं आणि नंतरचं डिफ्लेक्शन मांडून दाखवा, मग मी सही करतो.

आरबीई2 चा कोळी (एका नोडला भोवतीच्या नोडशी न वाकता जखडणारी जोडणी) कुठेही पसरवणं ही तिसरी. बुशची जाड नळी प्रेस केलेली आहे तिथे चालेल, पातळ ब्रॅकेटवर पसरवला की तेवढा पत्रा दगड होतो. आरबीई3 (भोवतीच्या नोडची सरासरी घेणारी, पत्रा न जखडणारी जोडणी) लावायला सांगावं तर त्याचा मधला नोड डिपेंडंट, म्हणजे भोवतीच्या नोडवर अवलंबून असतो, सॉल्व्हर त्याला इंटरफेस म्हणून घ्यायला नकार देतो आणि पोरं चिडून परत आरबीई2 कडे वळतात. यूएम नावाचा पर्याय (अवलंबून राहायचं काम दुसऱ्या नोडवर सरकवणारा) त्यासाठीच आहे, मॅन्युअलचं ते पान उघडायला पाच मिनिटं लागतात.

बुशचं रबर फायनाइट एलिमेंटमध्येही आणि गाडीच्या मॉडेलमध्येही? दोन स्प्रिंगा एकामागे एक लागल्या, गाडी हलवा झाली.

जुना रिजिड पार्ट बंद करायचा राहिला तर वजन दुप्पट. याला मी आता काही बोलत नाही.

पाटा स्प्रिंगची एमएनएफ काढून आणू नका, राजेहो. पाटे एकमेकांवर घासतात, आकार बराच बदलतो आणि ही सगळी पद्धत लहान, सरळ रेषेतल्या विकृतीपुरती आहे. बीमचे तुकडे जोडा, बरं चालतं.

अँटी-रोल बारसाठी तर मी लॅपटॉप उघडण्याआधी वही उघडतो. ट्विस्टचा स्टिफनेस व्यासाच्या चौथ्या घातानं चालतो, म्हणजे 22 मिलिमीटरचा बार 24 केला की साधारण 42 टक्के वाढ. सॉफ्टवेअरनं 10 टक्के दाखवले तर चूक बारमध्ये नाही, जोडणीत शोधायची.

आणि रात्री अकराला येणारा तो फोन. "सर, फ्रेमची पार जिलेबी झाली!" पहिल्यांदा मी धरमपेठेतून गाडी काढून हिंगण्याला गेलो होतो. अ‍ॅनिमेशनचा स्केल 200 वर होता, म्हणजे वाकणं 200 पट फुगवून दिसत होतं. आता मी अंथरुणातूनच सांगतो, स्केल 1 कर आणि परत फोन कर. परत कोणाचा येत नाही.